फाटक्या जीन्सची फॅशन: भोक पाडतं कोण, मिरवतं कोण?

निळाई

आपल्या मंचावरच्या 'हल्लीचे पोशाख' या चर्चेच्या धाग्यावर फाटक्या जीन्सवरून जी जुंपली, त्यात एक साधा प्रश्न वाहून गेला: मुळात ही फॅशन आली कुठून? उत्तर कुणीच दिलं नाही, सगळे संस्कारांवर घसरले. मी बरीच वर्षं मुंबईत एका निर्यातदाराकडे मर्चंडायझर (खरेदीदार आणि कारखाना यांच्यामधला दुवा) होते. जीन्स हाच आमचा माल. म्हणून हा वेगळा धागा.

गंमत अशी की जीन्सचा जन्मच 'फाटू नये' यासाठी झाला. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी दणकट विजार मागितली. खिशांचे कोपरे सारखे उसवतात म्हणून डेव्हिसने तिथे तांब्याचे रिव्हेट (धातूच्या टिकल्या) ठोकले. विजारी खपायला लागल्या, पण पेटंटचे पैसे भरायची त्याची ऐपत नव्हती. मग त्याने ज्याच्याकडून कापड घेत असे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याला, लीव्हाय स्ट्रॉसला, भागीदारीचं पत्र लिहिलं. २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. १८८६ पासून त्यांच्या विजारीच्या कमरेवर जे लेबल आलं, त्यात दोन घोडे विजार दोन बाजूंनी ओढताहेत आणि ती फाटत नाही. हे चित्र आजही तिथे आहे. आणि त्याच लेबलाखाली गुडघ्यावर वीतभर भोक असलेली विजार भरपूर पैसे मोजून विकली जाते.

आता कापडाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डेनिममध्ये ताणा (उभे धागे) निळीत रंगवलेला असतो आणि बाणा (आडवे धागे) पांढराच ठेवतात. शिवाय नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरावर बसते. धागा मधोमध कापून भिंगाखाली पाहिलात तर कडेला निळं कडं आणि आत पांढरं दिसेल. म्हणून जिथे घासलं जातं तिथे आतला पांढरा वर येतो: मांडीवर, गुडघ्यावर, पाकीट ठेवायच्या खिशावर. गुडघ्यावर आधी निळा ताणा तुटतो आणि पांढऱ्या बाण्याची जाळी उरते. दुसरं कुठलं कापड इतकं देखणं विरत नाही. टेरीकॉट फाटलं की नुसतं भिकार दिसतं.

पण देखणं असणं आणि फॅशन असणं वेगळं. पन्नासच्या दशकापर्यंत फाटकी जीन्स म्हणजे खाण, शेत, रेल्वे. मग अमेरिकेतल्या पोरांनी जीन्स उचलली आणि शाळांनी बंदी घातली, तेव्हा तिला बंडाचा वास लागला. साठच्या दशकात दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय विद्यार्थी कार्यकर्ते शेतमजुरांसारखे डेनिमचे ओव्हरऑल (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार) घालून गावोगाव फिरू लागले. ज्यांच्यात काम करायचं त्यांच्यासारखं दिसायचं, हा त्यामागचा विचार. आणि हिप्पींनी जुन्या जीन्सवर ठिगळं, भरतकाम, रंग चढवले. हे इतकं पसरलं की १९७३ मध्ये लीव्हायस कंपनीनेच सजवलेल्या जीन्सची स्पर्धा ठेवली.

हिप्पी ठिगळ लावत होते, म्हणजे भोक झाकत होते. भोक मुद्दाम उघडं ठेवलं ते पंकवाल्यांनी, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीतवाल्यांनी. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल हा गायक फाटके शर्ट सेफ्टी पिना लावून घालायचा. रामोन्स या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघे भिंतीला टेकून उभे आहेत आणि जीन्स गुडघ्यांवर फाटलेल्या. तिकडे लंडनला किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुड ही डिझायनर आणि तिचा भागीदार माल्कम मॅक्लारेन यांनी हाच अवतार दुकानात मांडून विकायला काढला. तेव्हाचं इंग्लंड म्हणजे बेकारी, संप, महागाई. 'आम्हाला नीटनेटकं दिसून काय मिळणार आहे' असा तो पवित्रा होता.

इथवर मला काहीच आक्षेप नाही. या सगळ्यांची जीन्स त्यांनी स्वतः घालून झिजवलेली किंवा स्वतःच्या हाताने फाडलेली होती. खरी उडी पुढची: ती झीज कारखान्यात आली. त्यावर लिहायचंय, पण कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बाकीचं प्रतिसादांत.

आगाऊ_कार्टं

मस्त धागा! आमच्या कॉलेजात नोटीस लागली होती की 'फाटके कपडे घालून येऊ नये'. खाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'नवीन घ्यायला पैसे द्या'. हलकेच घ्या.

सुमनताई

वाचतेय. पण मला अजून कळत नाही, पैसे देऊन फाटकं का घ्यायचं? आमच्या वेळी जरा उसवलं तर आई शाळेत जाण्याआधी टाका घालायची, तसं बाहेर जायची सोयच नव्हती.

तिरकस_बाण

सुमनताई, त्यातच उत्तर आहे. ज्याच्याकडे धड कपडा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यालाच फाटका घालणं परवडतं. बाकीच्यांना टाका घालावाच लागतो.

आणि ही हौस आजची नाही. सोळाव्या शतकात जर्मन भाडोत्री सैनिक अंगरखे आणि विजारी मुद्दाम चिरून आतलं रेशीम बाहेर ओढायचे. ते पाहून राजे-सरदारही तसे शिवून घेऊ लागले. चित्रकार होल्बाइनने काढलेली इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाची चित्रं पाहा, बाह्यांवर चिराच चिरा.

निळाई

हो, त्या चिरा मलाही आठवल्या होत्या, पण तिथे आतलं रेशीम दाखवायचं होतं. इथे दाखवायचा तो गुडघा!

तर कारखाना. सत्तरच्या दशकापर्यंत जीन्स पुठ्ठ्यासारखी कडक मिळायची आणि ती मऊ करायचं काम घालणाऱ्याचं. मग दगडधुलाई आली, म्हणजे स्टोनवॉश. पहिलं कुणी केलं यावर भांडणं आहेत. फ्रान्सचं जिर्बो दांपत्य, जपानची एडविन कंपनी, कॅनडातला एक कारखाना, सगळे दावेदार. पद्धत एकच: प्युमिस नावाचा ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड आणि विजारी मोठ्या ड्रममध्ये एकत्र फिरवायच्या. दगड ताण्यावरची नीळ खरवडतो, कापड मऊ पडतं. मग १९८६ च्या सुमारास इटलीत दगडच ब्लीचिंगच्या रसायनात भिजवून कोरडे फिरवायची युक्ती निघाली. तोच तो ऐंशीतला ॲसिड वॉश, ढगाळ पांढऱ्या ठिपक्यांचा. नावात ॲसिड असलं तरी त्यात ॲसिड नसतं.

दगडांचा त्रास असा की ते झिजून गाळ होतो, खिशात खडे अडकतात, मशीनचा ड्रम खराब होतो. म्हणून पुढे सेल्युलेज नावाचं एन्झाइम आलं, ते सुताचा वरचा थर खातं. आज बहुतेक ठिकाणी एन्झाइम, किंवा एन्झाइम अधिक थोडे दगड.

एकदा झीज मशीनमध्ये करता आली की 'किती झिजलेली हवी' हे खरेदीदार ठरवू लागला. हलकी, मध्यम, जास्त, मग भोकं. भोक हे त्या रांगेतलं शेवटचं स्टेशन, वेगळी फॅशन नव्हे. डिझेल कंपनीचा रेंझो रोसो मुलाखतींतून सांगत आला आहे की सुरुवातीला दुकानदार त्याचा माल खराब समजून परत पाठवायचे. नंतर तोच माल दुप्पट-तिप्पट भावाने गेला.

आगाऊ_कार्टं

पण भोक पाडतात कसं? कात्री घेऊन बसतात लोक?

निळाई

अगदी तसंच, कात्री आणि ब्लेड घेऊन.

शिवून आलेली विजार आधी टेबलावर पसरतात. शेजारी खरेदीदाराचा मंजूर नमुना आणि त्यावरून कापलेला पुठ्ठा. भोक शिवणीपासून किती सेंटिमीटर, रुंदी किती, सगळं कागदावर. खडूने खूण करून विजारीच्या आडव्या दिशेने समांतर दोन चिरा देतात, साधारण बोटभर अंतरावर. त्यामुळे मधला निळा ताणा वर-खाली दोन्हीकडे तुटतो. मग चिमट्याने किंवा सुईने ते तोकडे निळे धागे एकेक उपसायचे. पांढरा बाणा अखंड असतो, तो तसाच राहतो. हीच ती शिडीसारखी पांढरी जाळी. कडांच्या दशा ग्राइंडरच्या छोट्या चाकाने फुगवायच्या. हात चुकून बाणा कापला गेला की जाळी गेली, नुसतं खिंडार उरलं, पीस रिजेक्ट. विचार करा, फाटकी विजार 'चुकीची फाटली' म्हणून रिजेक्ट!

त्याआधी मांडीवर पॉलिश कागदाने घासून (याला स्क्रेपिंग म्हणतात) पांढुरकेपणा आणायचा. जांघेपाशी बसल्यावर पडतात तशा सुरकुत्या, म्हणजे व्हिस्कर, रबरी नक्षीच्या पाटावर विजार चढवून त्याच कागदाने उठवायच्या. मग हवेच्या फुग्यावर विजार चढवून पीपी स्प्रे. पीपी म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, गावाकडे विहिरीत टाकायचे तेच जांभळं. मारताना गुलाबी दिसतं, थोड्या वेळात तपकिरी होतं, नंतर धुऊन न्यूट्रल केलं की ती जागा पांढरी पडते. मारणाऱ्याने मास्क लावायचा असतो. मी पाहिलेल्या एका युनिटमध्ये ऑडिटच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, एरवी खुंटीला.

सुमनताई

अगं बाई. म्हणजे साधी विजार शिवण्यापेक्षा फाटकी करायला जास्त माणसं लागतात!

निळाई

सुमनताई, हो. म्हणूनच ती महाग. माझा राग फाटण्यावर नाही. आपण न घालवलेली वर्षं दुसऱ्याकडून घासून घेतो, आणि ते घासणं लेबलावर कुठेच येत नाही, यावर आहे.

डॉ_खडीसाखर

निळाईने मास्कचा विषय काढलाच आहे म्हणून लिहितो. छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, तुर्कस्तानचं प्रकरण आम्हाला माहीत आहे.

जीन्सवर जुनाट डाग पाडायचा स्वस्त मार्ग म्हणजे सँडब्लास्टिंग: कॉम्प्रेसरच्या दाबाने वाळूचा फवारा. वाळूत सिलिका असते. तिची बारीक पूड फुप्फुसात गेली की तिथे व्रण धरतात आणि फुप्फुस दगडासारखं होत जातं. हाच सिलिकोसिस. याला औषध नाही, काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो. ब्रिटनने ओतकामातल्या सफाईसाठी असा वाळूचा फवारा मारायला १९५० च्या सुमारासच बंदी घातली होती, कारण धोका तेव्हापासून ठाऊक होता.

तरीही तो जीन्ससाठी परत आला. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या तळघरांत, बंद खिडक्यांच्या खोल्यांत, बिंगोलसारख्या पूर्वेकडच्या गरीब भागांतून आलेली पोरं हे काम करायची. काही जण पंधरा-सोळा वर्षांचे. कित्येक रात्री तिथेच झोपायचे, म्हणजे धूळ चोवीस तास. २००५ च्या आसपास तिथल्या एर्झुरुम शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की विशीतल्या तरुणांत खाणकामगारांचा आजार दिसतोय आणि सगळ्यांच्या इतिहासात जीन्स आहे. एरवी हा आजार दहा-वीस वर्षांनी दिसतो, इथे काही महिन्यांच्या, दोन-तीन वर्षांच्या कामात माणसं गेली. २००९ मध्ये तुर्कस्तानने बंदी घातली, २०१० मध्ये लीव्हायस आणि एचअँडएम या कंपन्यांनी जाहीर केलं की आम्ही असा माल घेणार नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. काम बंद झालं नाही, बांगलादेश-चीनकडे सरकलं. आपल्याकडे गुजरातेत खंबातच्या अकीक (दागिन्यांचा रंगीत दगड) घासणाऱ्या कारागिरांना हाच आजार होतो, त्यांच्याबद्दल तरी कोण बोलतं?

तिरकस_बाण

डॉक्टर, हे ठाऊक नव्हतं. पण मग आता दुकानातली जीन्स सँडब्लास्टिंगची आहे का, हे कळायचं कसं?

डॉ_खडीसाखर

डोळ्यांनी कळत नाही. हाताने घासलेली, स्प्रेची आणि वाळूची, तिन्ही सारखीच दिसतात.

कॅम्प_पाचवाला

उल्हासनगरहून. आमच्याकडे जीन्सचा धंदा केवढा होता हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. गल्लीगल्लीत शिलाई, आणि धुलाईची युनिट्स नाल्याकाठी. वालधुनी नदी कुठल्या रंगाची आहे यावरून आज कुठला वॉश चाललाय ते कळायचं, असं आम्ही हसण्यावारी म्हणायचो. निळी तर रोजचीच. वास वेगळा. मग प्रकरण हरित लवादात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं, युनिट्सना टाळी लागली. काही मालक आजूबाजूच्या गावांत गेले.

नदी सुधारली का म्हणाल तर थोडी. पण ज्यांची रोजी त्यावर होती ते बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, त्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. युनिट बंद होण्याच्या बाजूचाच मी, पण 'प्रदूषण करणारे' म्हणजे कोण हे जरा नीट बघा. परदेशी आणि देशी दुकानांची ऑर्डर असल्याशिवाय कुणी नाल्यात निळं पाणी सोडत नाही.

वऱ्हाडी_मिरची

आमच्या यवतमाळलेही रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, लोहारा एमआयडीसीत. कापूस आमचा, कापड आमच्या गावात, अन् फाटकं होऊन परत येते ते पुण्याच्या मॉलमधून. भाव विचारू नका राजेहो.

नव्वदीत अरविंद मिलचं 'रफ अँड टफ' आठवते काय कोणाला? पाकिटात कापड, चेन, बटण, रिव्हेट, लेबल, सारं. टेलरकडे द्यायचं शिवाले. अक्षय कुमारची जाहिरात होती. गुडघ्याले फाटली की आबा म्हणत, 'बैलानं ओढलं काय?'

ओकायामाची_वहिनी

जपानमधून, मीही सहमत. आमच्या घरापासून कोजिमा हे जीन्सचं गाव जवळ आहे. पूर्वी तिथे शाळेचे गणवेश शिवायचे, साठच्या दशकात जीन्सकडे वळले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुराबो गिरणीने पहिलं जपानी डेनिम विणलं. आता तिथे 'जीन्स स्ट्रीट' आहे, दोरीवर विजारी टांगलेल्या असतात.

इथे दुसरंच वेड आहे. लोक न धुतलेलं कडक, गडद डेनिम विकत घेतात आणि महिनोन्‌महिने न धुता घालतात, म्हणजे सुरकुत्या त्यांच्याच अंगाच्या पडतात. दुकानदार पाच वर्षं वापरलेला नमुना शेजारी लावून ठेवतात आणि सांगतात, तुम्ही घातलीत तर अशी होईल. माझे यजमान त्यातलेच. वासाबद्दल विचारू नका.

निळाई

वहिनी, हे मला पटतं, वास सोडून. झीज विकत न घेता कमवायची.

आगाऊ_कार्टं

पण मग सगळ्यांनी पाच वर्षं थांबायचं का? मला पार्टीला शनिवारी घालायची आहे.

मॅचिंग_नाही

फॅशनच्या इतिहासात दोन मुक्काम राहिले, ते घालते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये 'व्होग' या फॅशन मासिकाच्या नव्या संपादक ॲना विंटूर यांच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर डिझायनर लाक्रुआचं हजारो डॉलरचं जडावाचं जॅकेट आणि खाली गेस कंपनीची पन्नास डॉलरची विटकी जीन्स होती. तोवर व्होगच्या मुखपृष्ठावर जीन्स यायची नाही. पुढे अमेरिकेतल्या सिॲटलची ग्रंज मंडळी आली, म्हणजे कर्ट कोबेन वगैरे रॉक गायक. त्यांचे कपडे सेकंडहँड दुकानातले, कारण स्वस्त आणि ऊबदार. १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या फॅशन कंपनीसाठी तोच अवतार रॅम्पवर आणला, मजुराचा चौकड्यांचा शर्ट रेशमात शिवून. समीक्षकांनी झोडपलं, त्याची नोकरी गेली. आज तेच कलेक्शन कौतुकाने आठवतात.

आणि टोक हवं असेल तर २०१७: नॉर्डस्ट्रॉम या अमेरिकी दुकानसाखळीने खोटा चिखल थापलेली जीन्स ४२५ डॉलरला विकायला ठेवली. चिखल धुतला तरी जात नाही, असा पक्का. अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांनी त्यावर चांगलाच संताप काढला.

पेन्शनर_पुणे३०

एवढी चर्चा वाचली, माहितीपूर्ण आहे. तरीही मुली गुडघे दाखवत देवळात येतात ते योग्य नाही. संस्कार नावाची गोष्ट असते.

मॅचिंग_नाही

काका, मुलांचे गुडघे दिसले तर चालतात का? मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी विमानात शेजारी बसलेल्या बाईच्या फाटक्या जीन्सवरून तिच्या संस्कारांवर भाषण दिलं. देशभर बायकांनी आपापले फाटक्या जीन्समधले फोटो टाकले आणि त्यांना माफी मागावी लागली. गुडघा पाहून बाईची आई-बापांकडची शिकवण कळते, हे शास्त्र मला शिकायचंय.

पेन्शनर_पुणे३०

मी मुलांबद्दलही तेच म्हणेन. माझा नातू तसाच हिंडतो, त्यालाही बोलतो. ऐकत नाही, हा भाग वेगळा.

संपादक_मंडळ

संस्कारांवर आधीचा धागा चालू आहे, तो विषय तिकडे. इथे जीन्स.

कॅम्प_पाचवाला

निळाई, आता लेझरने करतात म्हणे? मग हात, वाळू, स्प्रे सगळंच जाईल का?

निळाई

बरंच जाईल. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या जीनोलॉजिया कंपनीची लेझर मशीन बऱ्याच कारखान्यांत आहेत. किरण वरची नीळ जाळून टाकतो, संगणकावर काढलेलं व्हिस्करचं चित्र हुबेहूब उमटतं. जाळीच्या जागा लेझरने कमकुवत करून ठेवल्या की धुताना त्या आपोआप फाटतात. लीव्हायसने २०१८ मध्ये जाहीर केलं की हाताने तासाला दोन-तीन विजारी व्हायच्या, ते काम लेझरने एकेका विजारीला ९० सेकंदांत होतं. पीपीही बरंच टळतं. फुप्फुसांसाठी उत्तमच.

पण कात्री-चिमटा घेऊन बसणाऱ्या बायकांचं काम जातं, हे कॅम्प_पाचवाला यांनी नदीबद्दल जे म्हटलं तेच. शिवाय पाण्याचा मोठा भाग धुलाईत नसतोच. लीव्हायसच्याच हिशेबाप्रमाणे त्यांच्या ५०१ या मॉडेलच्या एका विजारीला कापसापासून घालणाऱ्याच्या घरच्या धुण्यापर्यंत ३,७८१ लिटर पाणी लागतं, त्यातला सर्वाधिक वाटा कापसाच्या शेतीचा. म्हणजे नवी फाटकी विजार घेऊन वर्षभरात टाकली तर लेझर असून काय?

वऱ्हाडी_मिरची

अन् त्या कापसाचा भाव आमाले काय मिळते, त्याचा धागा वेगळा काढतो.

सुमनताई

काढाच. निळाई, एक कामाचं विचारते. नातीची जाळीची जीन्स मशीनमध्ये धुतली, आता भोक मांडीपर्यंत गेलंय. ती म्हणते टाकून दे. वाचवता येईल का?

निळाई

टाकू नका, सुमनताई. दोन धुण्यांत वाढतंच ते, कारण विकत घेतलेल्या भोकाच्या कडा मुळातच ग्राइंडरने अशक्त केलेल्या असतात. आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावा, भोकापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा. इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग मिळतं अस्तर-बटणांच्या दुकानात, आधी ते, मग चारी बाजूंनी मशीनवर बारीक झिगझॅग. पांढरे धागे बाहेरून तसेच दिसू द्या, म्हणजे नातही खूश. यापुढे उलटी करून, चेन लावून, जाळीच्या पिशवीत घालून धुवा. आणि ड्रायर नको.

सुमनताई

फ्युजिंग उद्या आणते. तुकडा आहे, तिच्या बापाच्या जुन्या विजारीचा.

पेन्शनर_पुणे३०

सुमनताई, झालं की फोटो टाका. नातवाच्या जीन्सवर हे तिच्या आज्ञेशिवाय करून पाहावं म्हणतो.

आगाऊ_कार्टं

काका, 'त्याच्या' परवानगीशिवाय करू नका, तो पुढच्या आठवड्यात इथे धागा काढेल.